जुनें यंत्र, नवें यंत्र आणि नकाशाचा परवाना

कागदावर छापलेला नकाशा एकदां विकत घेतला, म्हणजे तो घेणाराच्या मालकीचा होतो. तो पेटींत ठेवावा, भिंतीवर लावावा, मुलास द्यावा किंवा मित्रास उसना द्यावा. छापणारा त्याबद्दल विचारावयास येत नाहीं. डिजिटल नकाशाची गोष्ट निराळी आहे. तो ज्या यंत्रांत भरलेला असतो तें यंत्र मोडलें, बुडालें किंवा जुनें झालें, म्हणजे पैसे देऊन घेतलेला तो नकाशा नव्या यंत्रांत नेतां येईलच अशी खात्री नसते. पुष्कळांस ही गोष्ट नवें यंत्र घरीं आणल्यावर कळते, आणि तोंपर्यंत जुनें यंत्र भंगारवाल्याच्या तराजूंत पडलेलें असतें. असें कां होतें, आणि वेळींच कोणती काळजी घेतली असतां नुकसान टळतें, हें सांगणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हातांत मावणारें जी. पी. एस. यंत्र आपल्या भागांत कोणाच्या उपयोगी पडतें, हें प्रथम पाहूं. कोलशेत हें गांव साष्टी बेटाच्या ईशान्य अंगास, उल्हास नदीच्या खाडीवर वसलेलें आहे. एका बाजूस खाडीचें पाणी, पश्चिमेस येऊरचे डोंगर, आणि पूर्वेस दूरवर सह्याद्रीची रांग. अशा मुलखांत होडी घेऊन खाडीवाटे समुद्राकडे जाणारा नाखवा, गडकिल्ल्यांवर फिरणारा तरुण, जंगलांत गस्त घालणारा वनरक्षक, किंवा २००६ सालच्या वनहक्क कायद्याप्रमाणें जमिनीच्या दाव्याचें मोजमाप घेणारा कार्यकर्ता, या सर्वांस अशा यंत्राचें साह्य होतें. मोबाइल फोनांतहि हीच विद्या आहे हें खरें. परंतु पाण्याचा मारा सोसणारें, दुकानांत मिळणाऱ्या साध्या सेलवर चालणारें, आणि मोबाइलच्या मनोऱ्यावर अवलंबून नसणारें म्हणून हें यंत्र अजूनहि पुष्कळजण बाळगतात.

परंतु यंत्र कांहीं जन्माचें सोबती नसतें. खारें पाणी लागून विजेचे सांधे गंजतात, पडदा तडकतो, बटणें निकामी होतात. कांहीं वेळां तर दोष यंत्राच्या देहांत नसून त्याच्या गणितांत असतो. जी. पी. एस.च्या मूळ पद्धतींत आठवडे ० पासून १०२३ पर्यंत मोजले जातात आणि पुढें मोजणी पुन्हां शून्यावर येते. असा फेरा ऑगस्ट १९९९ मध्यें एकदां आणि ६ एप्रिल २०१९ रोजीं दुसऱ्यांदा पुरा झाला. त्या वेळीं योग्य ती दुरुस्ती न झालेलीं कित्येक जुनीं यंत्रें चुकीची तारीख दाखवूं लागलीं. तात्पर्य, आज ना उद्यां यंत्र बदलावेंच लागतें, आणि तेव्हांच नकाशाचा प्रश्न उभा राहतो.

हा प्रश्न समजावा म्हणून एक भेद ध्यानांत धरला पाहिजे. स्थान सांगणें हें एक काम, आणि तें स्थान नकाशावर दाखविणें हें दुसरें काम. पहिलें काम उपग्रहांच्या संदेशांवर चालतें. अमेरिकेचे जी. पी. एस. उपग्रह पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांपैकीं किमान चार उपग्रहांचे संदेश ऐकून आपलें यंत्र अक्षांश, रेखांश व उंची काढतें. ही योजना १९९५ सालीं पूर्णपणें कार्यास लागली, आणि सामान्य लोकांस मिळणाऱ्या संदेशांत मुद्दाम ठेवलेली अचूकतेची उणीव मे २००० मध्यें काढून टाकण्यांत आली. भारतानेंहि २०१३ ते २०१६ या काळांत उपग्रह सोडून ‘नाविक’ नांवाची आपली स्वतंत्र व्यवस्था उभारली. यंत्र या संदेशांस उत्तर देत नाहीं, केवळ ऐकतें. आणि ऐकण्याबद्दल कोणासहि कांहीं द्यावें लागत नाहीं. म्हणून जुनें यंत्र जाऊन नवें आलें तरी स्थान सांगण्याच्या कामांत खंड पडत नाहीं.

नकाशा मात्र आकाशांतून येत नाहीं. तो कोणीतरी मोजून, काढून, तपासून तयार केलेला असतो. कोणता ओढा कोठें वळतो, कोणत्या वाटेवर पूल आहे, खाडींत खडक कोठें आहे, हें सारें मनुष्याच्या श्रमाचें फळ होय. आपल्या देशाच्या १९५७ सालच्या कॉपीराइट कायद्यानें नकाशाची गणना चित्र व शिल्प यांच्या पंक्तींत, म्हणजे कलाकृतींत केली आहे. म्हणून डिजिटल नकाशा ‘विकत घेतला’ असें आपण बोलतों तेव्हां, खरें पाहतां, आपण तो नकाशा घेत नसून अमुक एका रीतीनें तो वापरण्याची परवानगी घेत असतों. ती परवानगी कोणत्या अटींवर मिळाली, यावरच पुढचें सर्व अवलंबून असतें.

परवान्याची ही तऱ्हा आपल्या किनाऱ्याला अगदीं नवी नाहीं. १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांच्या हातीं गेली, आणि १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं ती जिंकून घेईपर्यंत त्यांच्याकडे राहिली. समुद्रावर व्यापार करणाऱ्या देशी जहाजांस पोर्तुगीज ‘कार्ताझ’ नांवाचा परवाना घ्यावयास लावीत. त्या कागदावर जहाजाचें नांव, त्याच्या प्रमुखाचें नांव, माल आणि जाण्याचें ठिकाण हीं लिहिलेलीं असत. अर्थात् एका जहाजाचा कार्ताझ दुसऱ्या जहाजाच्या कामाचा नव्हता. व्यापारी तोच, माल तोच, परंतु जहाज बदललें म्हणजे कागदहि नवा. कार्ताझ हा बळजबरीचा परवाना होता आणि नकाशाचा परवाना हा श्रमाचा मोबदला आहे, म्हणून दोहोंची योग्यता एक नव्हे. तथापि परवाना माणसास न चिकटतां वस्तूस चिकटतो, हें तत्त्व दोहोंत सारखेंच आहे. जी. पी. एस. यंत्राच्या नकाशाचा परवाना बहुधा यंत्राच्या नांवें असतो, मालकाच्या नांवें नसतो.

आतां यंत्रांत आढळणाऱ्या नकाशांचे प्रकार पाहूं. ते चार आहेत, आणि यंत्र बदलतांना प्रत्येकाची गति निराळी होते.

पहिला प्रकार म्हणजे यंत्राबरोबरच कारखान्यांतून आलेला नकाशा. तो त्या यंत्राचाच भाग होय. यंत्र दुसऱ्यास विकलें तर नकाशा त्याच्याबरोबर जातो. आपल्या नव्या यंत्रांत तो नेतां येत नाहीं.

दुसरा प्रकार म्हणजे मेमरी कार्डावर भरून विकलेला नकाशा. येथें परवाना साधारणतः त्या कार्डास बांधलेला असतो. कार्ड जुन्या यंत्रांतून काढून त्याच जातीच्या नव्या यंत्रांत घातलें म्हणजे काम झालें. मात्र तीं फाइल दुसऱ्या कार्डावर उतरवून घेतली तर ती उघडत नाहीं, कारण नकाशाचें कुलूप मूळ कार्डाचा क्रमांक पाहत असतें. तेव्हां असें कार्ड पुसूं नये, हरवूं नये, आणि जुनें यंत्र विकतांना तें आंत विसरून राहूं देऊं नये. नवें यंत्र घेण्यापूर्वीं त्याची खांच त्या मापाचें कार्ड घेते कीं नाहीं, आणि तें यंत्र तो नकाशा वाचूं शकतें कीं नाहीं, हेंहि विचारून घ्यावें.

तिसरा प्रकार सर्वांत अडचणीचा. संगणकाच्या साह्यानें उतरवून घेऊन यंत्रांत भरलेला नकाशा तो हा. हातांतील यंत्रांत फार आढळणाऱ्या गार्मिन कंपनीचें उदाहरण घेऊं. तिच्या प्रत्येक यंत्रास ‘युनिट आयडी’ नांवाचा एक ओळखक्रमांक असतो. यंत्राच्या पाठीवर छापलेला सीरिअल नंबर निराळा, आणि हा क्रमांक निराळा. पूर्वीं नकाशे तबकडीवर मिळत. तेव्हां या ओळखक्रमांकावरून २५ अक्षरांचा एक संकेतांक तयार करून दिला जाई, आणि त्यानें नकाशाचें कुलूप त्या एका यंत्रापुरतें उघडे. कांहीं तबकड्यांबरोबर दोन यंत्रांपुरती परवानगी मिळत असे. अशा वेळीं एक परवानगी शिल्लक असली तर ती नव्या यंत्रासाठीं वापरतां येई. पुढें नकाशे इंटरनेटवरून थेट यंत्रांत उतरूं लागले, आणि असा उतरविलेला नकाशा त्या एका यंत्रासच जखडला जाऊं लागला. मालकानें आपल्या हौसेनें यंत्र बदललें तर हा नकाशा सामान्यतः बरोबर येत नाहीं. परंतु यंत्र सदोष निघून कंपनीनेंच त्याच्या बदल्यांत दुसरें दिलें, तर नकाशाची परवानगीहि नव्या यंत्राच्या नांवें करून देण्याची रीत आहे. ही विनंती मात्र आपण होऊन करावी लागते, आणि त्यासाठीं जुन्या यंत्राचा क्रमांक व खरेदीची पावती हाताशीं असावी लागते.

येथें ‘लाइफटाइम’ या शब्दानें पुष्कळांची फसगत होते. नकाशाच्या सुधारलेल्या आवृत्त्या आयुष्यभर मिळतील, असें वेष्टनावर लिहिलेलें असतें. वाचणारास वाटतें, हें आयुष्य आपलें. परंतु अटी वाचून पाहिल्या असतां तें आयुष्य यंत्राच्या उपयुक्ततेचें असतें, मालकाचें नसतें, असें आढळतें. मोबाइल फोनांत विकत घेतलेल्या नकाशांची व्यवस्था बहुधा याहून सोईची असते. तेथें परवाना घेणाराच्या खात्यास जोडलेला असतो, आणि फोन बदलला तरी त्याच खात्यानें नव्या फोनांत प्रवेश केला म्हणजे नकाशा पुन्हां मिळतो. म्हणून परवाना कशास बांधलेला आहे, यंत्रास, कार्डास कीं खात्यास, हा प्रश्न खरेदीपूर्वींच विचारणें शहाणपणाचें होय.

ही बांधणी केवळ हौशी लोकांच्या लहान यंत्रांपुरतीच आहे असें समजूं नये. भारताचे सागरी नकाशे देहरादून येथील राष्ट्रीय जलमापन कार्यालय तयार करतें. मोठ्या जहाजांवर वापरले जाणारे असे अधिकृत इलेक्ट्रॉनिक नकाशे आंतरराष्ट्रीय जलमापन संघटनेच्या एस-६३ नांवाच्या नियमाप्रमाणें कुलूपबंद करून दिले जातात. जहाजावरील यंत्राच्या गुप्त ओळखीवरून २८ अक्षरांचा एक परवाना-क्रमांक बनतो, आणि नकाशाच्या प्रत्येक खंडाची किल्ली त्या ओळखीपुरतीच, तीहि ठराविक मुदतीची, दिली जाते. येथें कुलपाचा हेतु केवळ मोबदला वसूल करणें हा नव्हे. नकाशा खरोखर अधिकृत ठिकाणाहून आला आहे, वाटेंत कोणी त्यांत फेरफार केला नाहीं, याची ग्वाही देणें हाहि त्याचा हेतु आहे. जेथें एका चुकीच्या आकड्यानें जहाज खडकावर जाईल, तेथें अशी ग्वाही मोलाची असते.

चौथा प्रकार खुल्या नकाशांचा. २००४ सालीं इंग्लंडांत सुरू झालेला ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा नकाशा जगांतील स्वयंसेवकांनीं मिळून तयार केलेला असून, करणारांचा नामनिर्देश करावा इत्यादि अटी पाळून तो कोणासहि वापरतां येतो. तो हातांतील यंत्रांत बसेल अशा रूपांत मिळतो, आणि त्यास यंत्राचें बंधन नसतें. यंत्रें कितीहि बदललीं तरी तो बरोबर नेतां येतो. आपल्या देशाच्या सर्व्हे ऑफ इंडिया या १७६७ सालीं स्थापन झालेल्या खात्यानेंहि १:५०,००० प्रमाणाचे खुल्या मालिकेचे नकाशे २०१७ सालापासून नागरिकांस विनामूल्य उतरवून घेण्याची सोय केली. त्या खात्याच्या जुन्या मालिकेंत कोलशेतची जागा मोठी मौजेची आहे. १९ अंश १५ कला अक्षांश आणि ७३ अंश रेखांश या रेषा गांवाच्या आसपासच एकमेकींस छेदतात. त्यामुळें ४७ ए/१५, ४७ ए/१६, ४७ ई/३ आणि ४७ ई/४ या चार पत्रकांचे कोपरे येथें जवळजवळ येऊन भिडतात. चहूंकडचा मुलूख पाहावयाचा तर चार पत्रकें जोडावीं लागत! या जुन्या पत्रकांवरून आंकडे घेणारानें एक सावधगिरी बाळगावी. त्यांचें गणित एव्हरेस्टच्या जुन्या पृथ्वीमानावर आधारलेलें आहे, आणि जी. पी. एस. यंत्र डब्ल्यू. जी. एस. ८४ हें मान धरतें. दोहोंतील फरक न जाणतां आंकडे तसेच भरले, तर आपल्या भागांत जागा सुमारें शंभर मीटर सरकते.

नकाशांचें झालें. परंतु यंत्रांत याहूनहि मोलाची एक वस्तु असते, आणि घाईंत तीच प्रथम नष्ट होते. ती म्हणजे मालकानें स्वतः नोंदविलेल्या खुणा व वाटा. पूर्वीं मासेमारीस जाणारे लोक किनाऱ्यावरचें डोंगराचें टोंक व देवळाचा कळस एका रेषेंत धरून समुद्रांतील जागा ओळखीत, आणि ती विद्या बाप मुलास तोंडीं शिकवी. आज तीच विद्या आंकड्यांच्या रूपानें यंत्रांत साठविली जाते. जाळें कोठें टाकावें, ओहोटीला कोणता खडक उघडा पडतो, गाळाचा उंचवटा कोठें आहे, डोंगरांत पाण्याचें टांकें कोठें सांपडतें, या खुणांवर कोणत्याहि कंपनीचा हक्क नाहीं. त्या ज्यानें नोंदविल्या त्याच्या होत. त्या ‘जी. पी. एक्स.’ नांवाच्या खुल्या रूपांत संगणकावर उतरवून घेतां येतात, आणि एका कंपनीच्या यंत्रांतून दुसऱ्या कंपनीच्या यंत्रांतहि नेतां येतात. एका क्षणीं पडदा बंद पडला कीं, विकत घेतलेला नकाशा पुन्हां विकत घेतां येईल. वीस वर्षांच्या खुणा कोणत्या दुकानांत मिळणार?

संगणक जवळ नसेल तर या खुणा वहींत लिहून ठेवाव्या. मात्र लिहितांना पद्धति स्पष्ट नमूद करावी. कांहीं यंत्रें अंश व कला दाखवून कलेचा अपूर्णांक देतात, कांहीं अंश, कला व विकला देतात. समजा, यंत्रावर अक्षांश १९ अंश १४.५० कला असा आहे. ही अर्धी कला म्हणजे ३० विकला होत. वाचणारानें तेंच १४ कला ५० विकला असें समजून नव्या यंत्रांत भरलें, तर २० विकलांची चूक झाली. अक्षांशाची एक विकला म्हणजे जवळजवळ ३१ मीटर. तेव्हां जागा ६०० मीटरांहून अधिक चुकली. भर दुपारीं रस्त्यावर ही चूक हसण्यावारी जाईल. धुक्यांत, खडकाळ किनाऱ्याजवळ ती प्राणावर बेतेल.

या सर्वांवरून यंत्र बदलण्याचा क्रम सहज ठरतो. जुनें यंत्र चालू आहे तोंवरच त्यांतील खुणा बाहेर काढाव्या. त्याचा सीरिअल नंबर, युनिट आयडी आणि असतील ते संकेतांक लिहून घेऊन पावतीबरोबर ठेवावे. नकाशाचें कार्ड असल्यास काढून घ्यावें. परवानगी नव्या यंत्राच्या नांवें होईल काय, हें कंपनीस लेखी विचारावें, आणि उत्तर येईपर्यंत जुनें यंत्र हातांतून सोडूं नये. त्यानंतर तें आपल्या खात्यांतून काढून टाकावें व त्यांतील खाजगी नोंदी पुसून मगच दुसऱ्यास द्यावें. आपल्या घराची जागाहि त्यांत लिहिलेली असते, हें विसरूं नये. नवें यंत्र घेऊन एकदम दूरच्या प्रवासास निघूं नये. प्रथम ओळखीच्या बंदरावर किंवा चौकांत उभें राहून तें जुन्या खुणांशीं जुळतें कीं नाहीं, हें पाहावें.

कांहींजण या खटाटोपास कंटाळून चोरून उघडलेले नकाशे घेतात. कुलपें तोडलेल्या अशा प्रती स्वस्तांत, क्वचित् फुकटहि मिळतात. कायद्याच्या दृष्टीनें पाहिलें तर २०१२ सालच्या दुरुस्तीप्रमाणें हक्कभंगाच्या हेतूनें असें कुलूप तोडणें हा शिक्षेस पात्र असा गुन्हा आहे. व्यवहाराच्या दृष्टीनें पाहिलें तर अशा नकाशास पुढें दुरुस्ती मिळत नाहीं. आणि खाडीचा गाळ तर दर पावसाळ्यांत आपली जागा बदलतो. नीतीच्या दृष्टीनें पाहिलें तर ज्याच्या श्रमावर विसंबून आपण जीव धोक्यांत घालतों, त्याचा मोबदला बुडविणें शोभत नाहीं. याबरोबरच विकणारांचेंहि कर्तव्य आहे. परवाना यंत्राच्या नांवें आहे, यंत्र गेल्यास नकाशा जाईल, ही गोष्ट बारीक अक्षरांत न दडवितां ग्राहकास आधीं, त्याच्या भाषेंत सांगितली पाहिजे. सचोटीचा नियम दोन्ही बाजूंस सारखाच लागू आहे. आणि ज्यास महाग परवाना परवडत नाहीं, त्यास खुल्या नकाशांचा राजमार्ग मोकळाच आहे.

विद्यार्थ्यांस येथें एक सुचवावेंसें वाटतें. ज्यांच्या घरीं वडील, काका किंवा आजोबा असें यंत्र वापरीत असतील, त्यांनीं येत्या सुटींत एक वही घ्यावी, वडील माणसांजवळ बसावें, आणि यंत्रांतील प्रत्येक खुणेचा अक्षांश, रेखांश, तिचें नांव आणि ती खूण कां केली याची हकीकत लिहून काढावी. यंत्र आंकडे जपून ठेवील. परंतु अमुक खडकास अमुक नांव कां पडलें, आणि त्या जागीं कोणत्या ऋतूंत जाऊं नये, हें त्याला ठाऊक नसतें. तें सांगणारीं माणसें घरांत आहेत तोंवरच तें लिहून घ्यावयाचें आहे.